लँडमास्टरची गोष्ट, जशीच्या तशी

आमच्या क्लबचा अंक पोस्टाने घरी पाठवायची सोय आहे, पण तो कुणालाच घरी नको असतो. तीन महिन्यांतून एकदा रविवारी सकाळी ठाण्याला उपवन तलावाच्या कडेला जुन्या गाड्या रांगेने लागतात आणि छापखान्यातून आलेला गठ्ठा तिथेच सोडायचा, असा रिवाज पडून गेलाय. अंक हातात आला की पहिली काही मिनिटं कुणी कुणाशी बोलत नाही. प्रत्येकजण आपल्या गाडीचा फोटो शोधत असतो. तो सापडला की मग शेजाऱ्याच्या गाडीचा फोटो आपल्यापेक्षा मोठा तर नाही ना, हे बघतात. त्यानंतर गाड्यांची दारं उघडी टाकून, पाय बाहेर सोडून, थर्मासमधला चहा पीत खरं वाचन सुरू होतं. हेराल्डवाले काका शेवटच्या पानावरच्या सुट्या भागांच्या जाहिराती स्थळं बघावीत तशा वाचतात आणि बायकोला हाक मारून सांगतात, "अगं, नाशिकला कार्बोरेटर आहे, चांगल्या घरातला."

हा अंक मी काढते. मला गाडी चालवता येत नाही. डोंबिवलीच्या एका शाळेत मी आयुष्यभर मराठी शिकवलं, आणि नवऱ्याकडे त्याच्या वडिलांची पद्मिनी आहे, एवढ्याच दोन गोष्टींवर हे काम माझ्याकडे आलं. आधीच्या अंकांत ऱ्हस्वदीर्घाचा इतका गोंधळ असायचा की एकदा मी सहज लाल पेनाने एक अंक तपासून नवऱ्याबरोबर अध्यक्षांकडे पाठवला. पुढच्या बैठकीत त्यांनी टाळ्या वाजवून संपादकपद मला देऊन टाकलं.

काम मला आवडायला लागलं, हे खरं. सभासद लिहून देत ते मी सगळं नव्याने लिहायची. आमचे अध्यक्ष एका मोठ्या कारखान्यात इंजिनियर होते, राहायला नौपाड्यात. ते लेख फोनवर बोलून पाठवतात. "ॲक्च्युअली आपण काय केलं, इंजिन फुल्ली डिसमँटल करून घेतलं, मग रियलाइज झालं की प्रॉब्लेम वेगळाच आहे." त्याचं मी करायची, "इंजिन पूर्ण उकलल्यावर लक्षात आलं की दुखणं भलतीकडेच होतं." छापून आलं की अध्यक्ष ते दोनदा वाचत आणि आपण किती छान लिहितो याचं त्यांना स्वतःलाच कौतुक वाटे. सगळ्यांचंच तसं. मी सुधारते हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सुधारल्यावर ते आपलंच आहे असं सगळे मानत. त्यात गैर काही नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी आमच्यात लँडमास्टरवाले शेठ आले. दिव्याच्या पलीकडे खाडीकाठी त्यांचं गाव आहे. घराणं पिढ्यान्‌पिढ्या तिथलं, आगरी. आजोबा, वडील मिठागरावर राबले. थोडीफार भाताची जमीन होती, तिच्यावर आता इमारती उभ्या आहेत. शेठ हे नाव त्यांना गावाने दिलेलं. क्लबात आम्हीही तेच म्हणायला लागलो, पण आमच्या काही जणांच्या तोंडात त्या शब्दाला एक बारीकशी कड असायची. अंबरनाथच्या कुठल्याशा कारखान्यात त्यांनी वर्षभर खपून गाडी उभी केली होती. पहिल्यांदा ती उपवनला आली तेव्हा सगळे आपापल्या गाड्या सोडून तिच्याभोवती गोळा झाले. फिकट हिरवी, गोल पाठीची, समोरून थोडी झोपाळू दिसणारी. अशी गाडी आमच्यात दुसरी नव्हती.

शेठ पन्नाशीचे असतील. बोलायला मोकळे, पण आमच्याशी जरा जपून बोलत. मला वहिनी म्हणत, माझ्या नवऱ्याला दादा. "मी मागच्या वेळी पण आलेलो वहिनी, तुम्ही नव्हता," अशी ठाण्या-मुंबईची साधी मराठी. मी त्यांना म्हटलं, तुमच्या गाडीची गोष्ट अंकात हवी. ते लाजले. म्हणाले, लिहायची सवय नाही, पण फोनवर बोलून पाठवतो. "तुम्ही नीट लिहून घ्या. सगळ्यांचं लिहिता तसं."

हे शेवटचं वाक्य मी विसरले असं मला म्हणता येणार नाही. ते माझ्या चांगलं लक्षात होतं.

त्यांचे निरोप एका दुपारी एकामागून एक आले. मी जेवणाच्या टेबलाशी बसून ऐकायला लागले आणि तिथेच बसून राहिले. बोलणारा माणूस तोच, पण भाषा वेगळी. ते घरात बसून बोलत होते. मागे भांडी वाजत होती आणि एक म्हातारा आवाज मधूनमधून त्यांना दुरुस्त करत होता, तो त्यांच्या आईचा.

गोष्ट अशी होती. मिठागराचे मालक मुंबईत राहायचे आणि ह्या गाडीतून बांधावरून येत. शेठचे वडील तेव्हा जवान होते. गाडी आली की हातातलं काम टाकून ते तिच्याजवळ जाऊन उभे राहत. पुढे गाडी बंद पडली, मिठाच्या कोठारात तशीच राहिली, खारट वाऱ्याने तिचा तळ खाल्ला. मालकांचंही येणं कमी झालं. एकदा ते वडिलांना म्हणाले, इथे सडतेय, तुला एवढी आवडते तर घेऊन जा. वडिलांनी बैल जुंपले आणि ती बांधावरून ओढत गावात आणली. दारापुढे झावळ्यांचा मांडव घालून त्यात ठेवली. कोंबड्या तिच्यात अंडी घालायच्या, पोरं तिच्यात अभ्यास करायची. गावात कुणाचं लग्न असलं की नवरदेवाला तिच्यात बसवून बैलांनी देवळापर्यंत ओढत न्यायचे. आणि वडील रविवारी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, स्टिअरिंगच्या चक्राला हात लावून तिच्यात बसायचे. इंजिन मेलेलं, चाकांत हवा नाही. आई जेवायला बोलवायला गेली तर सांगायचे, "मना हाक मारू नुको, मी ठान्याला चाललू."

ऐकताना मी हसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, आणि त्या पाण्यातलं थोडं वेगळ्या कारणानेही होतं. मग मी ते उतरवून काढायला बसले. पहिलं वाक्य मी माझ्या पद्धतीने लिहिलं: "माझे वडील मिठागरावर काम करीत." सगळी जान गेली. खोडलं आणि त्यांचं लिहिलं: "आमचा बापूस मिठागरावं कामाला. मालकाची गारी आली का तो गारीजवल जाऊन उभा ऱ्हायाचा." बस, मग थांबलेच नाही. गाडीची गारी, जवळचं जवल, ठाण्याचं ठान्याला. कानाने ऐकलं तसं कागदावर. आईचे मधले बोल तेवढे गाळले. वर मथळा दिला आणि खाली बारीक अक्षरांत छापलं: शेठच्या तोंडून, जशीच्या तशी.

मी स्वतःला सांगितलं की हा बोलीचा मान आहे. वर्गात मी मुलांना हेच शिकवत आले होते, की बोलीत जी चव असते ती प्रमाणभाषेत नसते. ते खोटंही नव्हतं. पण त्याच्या जोडीला मला हेही दिसत होतं की उपवनला हे पान उघडल्यावर काय होईल. लोक हसतील, अंक गाजेल, आणि संपादकाचं कौतुक होईल. ते मला हवं होतं.

मी नवऱ्याला वाचून दाखवलं. तोही खूप हसला. मग चष्मा काढून म्हणाला, "छापण्याआधी त्यांना एकदा दाखव."

मी म्हटलं, छापखान्याला उद्याच द्यायचंय. तसं काही नव्हतं. फोनवर पाठवायला कितीसा वेळ लागला असता. दाखवलं तर ते म्हणतील, वहिनी हे नीट करा, याची मला भीती होती.

त्या रविवारी शेठ मुलीला घेऊन आले होते. ती ठाण्यात एका बँकेत लागली होती आणि तिचं लग्न ठरलं होतं. हळदीला येणाऱ्या पाहुण्यांना वाटायला म्हणून शेठनी अंकांचा एक वेगळा गठ्ठा आधीच सांगून ठेवला होता. वडिलांची गोष्ट छापून येणार, ती सगळ्या गावाने वाचावी, असं त्यांच्या मनात होतं. गाडी धुऊनपुसून आणली होती, पुढे झेंडूची माळ.

अंक वाटले गेले. नेहमीसारखी शांतता पडली. मग हेराल्डवाल्या काकांकडून एक हसू फुटलं, मग दुसरीकडून. अध्यक्षांनी अंक उंच धरला आणि म्हणाले, हे मोठ्याने वाचायलाच हवं. ते एका गाडीच्या पायरीवर चढले. आवाज चांगला आहे त्यांचा, नाटकात कामं केलेली. त्यांनी "गारी" म्हटलं आणि रांगेच्या शेवटापर्यंत हशा गेला. प्रत्येक "गारी"ला ते जरा थांबायचे. "मी ठान्याला चाललू" तर त्यांना दोनदा वाचावं लागलं. सगळ्यांचे चेहरे फुलले होते. इतका आनंद अंकाने कधीच दिला नव्हता. दोनतीन जण माझ्याकडे वळून अंगठा दाखवत होते, आणि मी हसत होते.

शेठ लँडमास्टरला टेकून उभे होते. तेही हसत होते. त्यांची मुलगी मात्र मान खाली घालून पान वाचत होती. वाचून झाल्यावर तिने अंक मिटला, गाडीत जाऊन बसली आणि काच वर केली. जुन्या गाडीची काच हाताने फिरवून वर करावी लागते, वेळ लागतो. ती वर जाताना मी बघत होते.

शेठनी गठ्ठा उचलून डिकीत ठेवला. माझ्यापाशी येऊन म्हणाले, "छान झालाय अंक वहिनी." घरी पाहुणे येणार होते म्हणून क्लबचे नेहमीचे बटाटेवडे यायच्या आत निघाले.

त्या दिवसापासून क्लबात गाडीला कुणी गाडी म्हणेना. व्हॉट्सॲपच्या गटावर कुणाची गाडी गॅरेजला गेली तरी "गारी आजारी," आणि निघताना सगळ्यांचं ठरलेलं वाक्य "मी ठान्याला चाललू," मग जायचं खोपोलीला का असेना. शेठ पहिले काही दिवस प्रत्येक वेळी हसरा चेहरा टाकत. मग त्यांनी ते बंद केलं. मुरबाडच्या फेरीला ते आले नाहीत. पुढच्या बैठकीलाही नाही. अध्यक्ष म्हणाले, मुलीचं लग्न आहे, कामात असतील. मीही तेच म्हटलं.

मग एकदा खोपटला, एसटी डेपोसमोरच्या रस्त्यावर त्यांची मुलगी भेटली. मी बसची चौकशी करून परत येत होते, ती बँकेतून जेवायला बाहेर पडली होती. तिनेच "काकू" म्हणून हाक मारली. आम्ही रसाच्या दुकानात बसलो. मी लग्नाची तयारी विचारली, ती सांगत राहिली. मग मी विचारलं की बाबा का येत नाहीत.

तिने पेला बाजूला सरकवला. स्वच्छ, शांत मराठीत बोलत होती, माझ्या शाळेतल्या कुठल्याही हुशार मुलीसारखी. म्हणाली की आजीला तिने ती गोष्ट वाचून दाखवली, आजीला फार आवडली, रोज वाचायला लावते. पण बाबांनी गठ्ठ्याची दोरी सोडलेली नाही. हळदीला वाटायचे नाहीत म्हणाले.

"आम्ही घरात तसंच बोलतो काकू. त्याची लाज नाही आम्हाला," ती म्हणाली. "पण बाबा तुमच्याशी तसं बोलत नव्हते. आजीला विचारत विचारत बोलले ना, म्हणून ते तसं निघालं. ते घरातलं होतं."

मी पर्स उघडली. तिने रसाचे पैसे मला देऊ दिले नाहीत.

पुढच्या रविवारी मी नवऱ्याला म्हटलं, आपण त्यांच्याकडे जाऊन येऊ. त्याने का म्हणून विचारलं नाही. पद्मिनी काढली. शीळ रस्त्याने गेलो, गर्दीत दोनदा इंजिन तापलं, शेवटी गावात पोचलो. मोठं तीन मजली घर, संगमरवरी पायऱ्या, आणि पुढे एका कोपऱ्यात खास बांधलेल्या शेडमध्ये लँडमास्टर. शेठ बाहेर आले. आनंद झाल्यासारखंच त्यांनी आमचं केलं. आत नेलं, बसवलं, जेवल्याशिवाय सोडणार नाही म्हणाले. आम्ही मासे खात नाही म्हटल्यावर त्यांच्या बायकोने वालाचं बिरडं आणि तांदळाच्या भाकऱ्या केल्या.

जेवणाआधी मी विषय काढला. म्हटलं, शेठ, तुम्हाला न दाखवता मी ते छापलं, ते चुकलं माझं.

ते म्हणाले, "नाही नाही, तुम्ही माझं एक अक्षर पण बदललं नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाकी सगळ्यांचं बदलता ना वहिनी? अध्यक्षांच्या लेखात एक इंग्लिश शब्द नसतो. ते तसं बोलतात का?"

आवाज चढलेला नव्हता. खरंच विचारत होते. माझा नवरा ताटलीतल्या सुपारीकडे बघत बसला.

मी म्हटलं, पुढच्या अंकात मी तसं लिहिते, जाहीर दिलगिरी छापते. शेठ लगेच म्हणाले, "माफी छापली तर परत सगळे वाचतील. राहू द्या."

तेवढ्यात त्यांची आई काठी टेकत बाहेर आली. लहानशी, नऊवारी, कानात सोन्याच्या जड बुगड्या. अंक लिहिणारी बाई आलीय हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. ती माझ्या शेजारी बसली आणि माझा हात हातात घेतला. "तूच लिवलंस गो बाय?" मी हो म्हटलं. मग नातीकडून तिने अंक मागवून घेतला. तो मऊ पडला होता, पानाचे कोपरे दुमडलेले. तो माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, वाच.

मी शेठकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते. मी वाचायला लागले. मी लिहिलेलं, माझ्या हाताने उतरवलेलं. आणि मला ते वाचता येईना. कुठे हेल द्यायचा, कुठलं अक्षर लांबवायचं, कळत नव्हतं. मी शाळेत धडा वाचावा तसं एकेक अक्षर स्वच्छ म्हणत होते. "गारी" माझ्या तोंडून अगदी कडक आलं. म्हातारी हसायला लागली. तोंडावर पदर धरून हसली. नात हसली, सून स्वयंपाकघराच्या दारात येऊन हसली, आणि शेठही वळून हसायला लागले. सगळे प्रेमाने हसत होते, त्यात वाईट काही नव्हतं, आणि तरी माझे कान तापले. वाचन सोडून द्यावं असं वाटलं. पण म्हातारीने सोडू दिलं नाही. शेवटचं वाक्य तिने माझ्याबरोबर म्हटलं, आपल्या नवऱ्याच्या आवाजात, आणि मग डोळे पुसले. म्हणाली, आसाच बोलाचा तो. मधे तिने काय काय सांगितलं होतं ते यात कुठे आहे, असंही तिने विचारलं. मी म्हटलं, जागा पुरली नाही. तेही खोटं होतं.

घरी येताना नवरा म्हणाला, त्यांच्या आईला तरी आवडलं ना. मला ते ऐकून बरं वाटायला हवं होतं. पण आईला आवडलं ते मी छापलं म्हणून नव्हे; मी छापलं ते तिच्यासाठी नव्हतंच. तिच्या हाती लागलं एवढंच.

मी मनाशी ठरवलं, पुढच्या अंकात सगळ्यांचंच जसंच्या तसं छापायचं. अध्यक्षांचा लेख आला तसा उतरवला, ॲक्च्युअली आणि रियलाइजसकट, आणि त्यांना दाखवायला पाठवला. ह्या वेळी आठवणीने दाखवला. त्यांचा लगेच फोन आला. काहीतरी चूक झाली असावी, कच्चाच मजकूर आलाय, असं त्यांना वाटलं होतं. मी म्हटलं, तुम्ही बोललात ते असंच आहे.

ते दुखावले. "बोलणं वेगळं आणि छापणं वेगळं," ते म्हणाले. "लोक हसतील."

तिथे मी बोलायला हवं होतं. इतकं सरळ वाक्य त्यांनी माझ्या हातात दिलं होतं. शेठचं छापलं तेव्हा, पायरीवर चढून वाचलंत तेव्हा, असं काहीतरी. जिभेवर आलंही. पण अध्यक्ष वयाने मोठे, नवऱ्याचे जुने मित्र, आणि खरं सांगायचं तर वाचलं त्यांनी असलं तरी त्यांच्या हातात दिलं मी होतं. मी म्हटलं, बरं, नीट करून देते. संध्याकाळी बसून लेख सुधारला. चांगला झाला. अध्यक्षांनी तो नेहमीप्रमाणे दोनदा वाचला असेल.

लग्नाचं निमंत्रण सगळ्या क्लबला होतं. शेठ स्वतः ठाण्याला येऊन प्रत्येकाच्या घरी पत्रिका देऊन गेले. आम्ही गाड्या घेऊन गेलो, गावाच्या रस्त्यावर त्यांची रांग लागली, पोरांनी फोटो काढले. मांडवात धवलारीण बसून धवले, म्हणजे लग्नाची जुनी गाणी, म्हणत होती आणि शेठच्या आईचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. मग गावच्या म्हाताऱ्यांनी हट्ट धरला की नवरदेवाला जुन्या रीतीने देवळापर्यंत न्यायचं. मुरबाडकडून एक शांत बैलजोडी आणलेली होती. लँडमास्टरच्या पुढे जू बांधलं. इंजिन आता धडधाकट होतं, पण बंद ठेवलं. नवरदेव आत बसला, बैल चालले, गाडी हलली. बाया पुढे होत्या, शेठ चाकाशी चालत होते, हात दारावर.

हेराल्डवाल्या काकांना राहवलं नाही. ते मोठ्याने म्हणाले, "मी ठान्याला चाललू." आमच्यातले दोघेतिघे हसले. बाकी रस्ताभर कुणीच हसलं नाही. गावच्या लोकांना त्यात हसण्यासारखं काही ऐकूच आलं नाही. शेजारचा एक म्हातारा काकांकडे वळून काळजीने म्हणाला, आता नुको जाव, जेवून जा. काका ओशाळून हो म्हणाले. मला वाटतं, त्यांना त्या दिवशी थोडं कळलं. गटावर ते वाक्य त्यानंतर कमी झालं, हळूहळू गेलंच. कुणी ठरवून बंद केलं नाही.

शेठ अजून सभासद आहेत. वर्षातून एखाद्या फेरीला येतात, सगळ्यांशी हसून बोलतात, बटाटेवडे होईपर्यंत थांबतात. माझ्याशीही बोलतात. पण आता ते "मी आलेलो" म्हणत नाहीत. "मी आलो होतो वहिनी," असं म्हणतात. प्रत्येक ळ आणि ण नीट, जपून उच्चारतात. तसं ते पूर्वी बोलत नव्हते, आणि दुसऱ्या कुणाशी बोलताना आजही नाही. मी लांबून ऐकलंय. शाळेत असताना माझ्यासमोर मुलं अशी बोलायची. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटायचा.

नवा अंक छापखान्यात जायचाय. मुखपृष्ठावर बैलांनी ओढलेल्या लँडमास्टरचा फोटो हवा, असं सगळ्यांनी एकमताने ठरवलं. मी शेठना फोन केला. त्यांनी आईची तब्येत सांगितली, मुलगी सासरी आंबिवलीला आहे ते सांगितलं. मी फोटो मागितला आणि म्हटलं, त्याबरोबर चार ओळी तुमच्या, तुम्हाला हव्या तशा, छापण्याआधी मी दाखवीन.

"फोटो पाठवतो," ते म्हणाले. "फोटोच छापा."

फोटो आला. सुरेख आहे. बैलांच्या शिंगांना फुगे, काचेआड नवरदेव, बाजूला शेठचा हात दारावर. कडेला त्यांची आई कुणाच्या तरी खांद्याला धरून उभी आहे, तोंड उघडं, काहीतरी म्हणत असलेली. छापखान्याचा पोऱ्या विचारत होता, खाली काय लिहायचं. मी त्याला गाडीचं नाव आणि गावाचं नाव सांगितलं, आणि म्हटलं, बाकी जागा कोरी ठेव.